व्याह्यांचा रोजचा शब्द

मला शब्दांच्या पंगती बसवायचा नाद आहे. इंग्रजीतली कुठलीही तीन-चार, फार तर पाच अक्षरं घ्यायची, ती ज्या ज्या शब्दांच्या पोटात ओळीने सापडतील ते शब्द हुडकायचे आणि एका रांगेत बसवायचे. मग एकेकाला विचारायचं, तू कुठला, कुणाचा, इथे कसा आलास? अगदी सारखे दिसणारे दोघं परके निघतात, आणि ज्यांचं एकमेकांशी काही जमेल असं वाटत नाही ते सख्खे भाऊ निघतात. यात काय एवढं, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. पत्ते कुटणाऱ्याला असं कोणी विचारत नाही.

नोकरीभर मी नागपूरहून कन्हानला जाऊन-येऊन शाळेत इंग्रजी शिकवलं. तिथे हा नाद मुलांवर काढून पाहिला, पण त्यांचा एकच सवाल असे, "सर, हे पेपरमदी येते का?" येत नाही म्हटलं की ती खिडकीबाहेर पाहायला मोकळी. रिटायर झालो, शाळा सुटली, नाद तेवढा उरला. पूर्वी त्यासाठी जाडजूड डिक्शनरी चाळण्यात रविवार जायचा. आता मोबाइलमध्ये अक्षरं टाकली की सगळी वरात दारात हजर होते. ती वरात मी ज्याला-त्याला दाखवत सुटतो, असं घरच्यांचं म्हणणं आहे, आणि ते खोटं नाही. शेजारचे गृहस्थ रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात भरती होते, तेव्हा मी त्यांना पाहायला गेलो आणि हॉस्पिटल, हॉस्टेल व हॉटेल हे तिन्ही 'पाहुणा' अशा अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दाची लेकरं कशी, ते समजावून सांगितलं. नाकात नळी होती म्हणून त्यांना उठून जाता आलं नाही, असं बायको अजून चार लोकांत सांगते.

लोक हसत, मीही हसे. माझ्यामुळे लाज वाटायची ती बायकोला आणि मुलीला. मला स्वतःला ती कधी वाटली नव्हती. या हिवाळ्यात मात्र ती माझ्याकडे आली आणि मुक्कामच ठोकून बसली.

मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. काटोलच्या एका संत्रा व्यापाऱ्याचा मुलगा मनगट मोडून तिच्याकडे व्यायामाला येत होता. मनगट बरं झालं तरी येत राहिला. डिसेंबरात त्याचे आईवडील आमच्याकडे यायचं ठरलं. आदल्या दिवशी मुलीने मला समोर बसवलं. "बाबा, ते साधे लोक आहेत. तुम्ही 'या', 'बसा' आणि 'चहा घ्या' एवढंच बोला. बाकी आई पाहून घेईल." मी म्हटलं, ठीक आहे. मला खरंच वाटलं होतं की मी तेवढंच बोलेन.

पाहुणे आले. मुलाचे वडील उंच, रुंद, आवाज मोकळ्या मैदानात वाढलेला. आई शांत, सगळीकडे नजर फिरवणारी. मुलगा माझ्या मुलीकडे बघायचं टाळत होता, म्हणजे त्याचं लक्ष तिच्याकडेच होतं. पोहे झाले, संत्रा बर्फी आली, हवापाण्याच्या गप्पा संपल्या. तेवढ्यात मुलाचे वडील खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, "भिंतीवरून मुंगूस गेलं, पाह्यलं का? चांगला शकून हाये."

आता सांगा, मी काय करायचं होतं? एम, ओ, एन, जी या अक्षरांची पंगत मी त्याच आठवड्यात बसवली होती, आणि तिच्या पहिल्या पाटावर मुंगूस होतं.

मी म्हणालो, "इंग्रज ज्याला मंगूस म्हणतो ना, तो शब्द आपला. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर उतरले, त्यांनी मुंगूस ऐकलं, आणि त्यांच्याकडून ते इंग्रजांच्या घरात शिरलं." तेलुगूवालेही या मुंगसावर हक्क सांगतात, पण तो वाद मी त्या दिवशी काढला नाही. मुलाचे वडील एकदम खूश. "म्हंजे आपलं मुंगूस इंग्रजायनं नेलं? पाह्य वं," ते बायकोला म्हणाले, "आपल्या वावरातलं मुंगूस लंडनला जाऊन बसलं."

इथे थांबायला हवं होतं. मुलगी डोळ्यांनी तेच सांगत होती. पण त्या घरात माझा शब्द ऐकून एवढं मोठ्याने कोणी हसलं नव्हतं, आणि माझा तोल गेला. मी अमंग सांगितला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ घोळक्यात मिसळलेला. त्याच घोळक्यातून मंग्रल निघाला, सरमिसळ जातीचा कुत्रा. ह्यूमंगस म्हणजे अवाढव्य, तो परवा-परवाचा, अमेरिकेत कोणीतरी गंमत म्हणून जुळवलेला, त्याला ना आई ना बाप. आणि मग मी पाहुण्यांकडे वळलो. "आता तुमचा शब्द. कॉस्टरमंगर. फासळ्यांसारखे कंगोरे असलेलं एक मोठं सफरचंद असे, त्याला कॉस्टर्ड म्हणत. ते हातगाडीवर विकणारा तो कॉस्टरमंगर. म्हणजे फळवाला."

"म्हंजे आमीच की जी," ते म्हणाले.

मुलालाही आता बोलावंसं वाटलं. बिचाऱ्याने मोठ्या अभिमानाने नव्या यंत्राबद्दल सांगितलं. संत्री त्यात धुतली जातात, पुसली जातात, त्यांच्यावर मेणाचा पातळ थर चढतो, आणि कालपरवाचं फळ आताच झाडावरून उतरवल्यासारखं चमकतं. माल दूर जातो, भाव चांगला मिळतो. तो बोलत होता आणि माझ्या डोक्यात कुलूप उघडल्यासारखं झालं, कारण मंगर या शब्दाचं मूळ नेमकं तेच होतं.

"अहो, हाच तर तो!" मी जवळजवळ ओरडलो. "लॅटिनमध्ये मँगो म्हणजे आंबा नव्हे. मँगो म्हणजे माल चोपडून-चमकवून विकणारा व्यापारी. रोममध्ये गुलामांचे व्यापारी असत, ते म्हाताऱ्या गुलामाला तेल चोळत, रंग लावत आणि तरणा म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारत. त्यांना म्हणत मँगो. त्यावरून मंगर. तेच हे!" आणि 'तेच हे' म्हणताना माझं बोट होणाऱ्या जावयाकडे होतं.

मुलाच्या आईने उचललेला बर्फीचा तुकडा परत ताटलीत ठेवला. वडील म्हणाले, "असं का," आणि घड्याळ पाहिलं. बायको स्वयंपाकघरात काहीतरी आणायला गेली ती रिकाम्या हाताने परत आली. थोड्या वेळाने पाहुणे उठले. मुलगी त्यांना सोडायला खाली गाडीपर्यंत गेली आणि बराच वेळ वर आली नाही. आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण ती म्हणाली, "झालं. ते नाराज नाहीत." मी मनात म्हटलं, कसे असतील? विषय रंगला होता. माणूस स्वतःवर खूश असला की त्याला समोरचं किती कमी दिसतं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मुलाचे वडील एकटेच आले. हातात संत्र्यांचा क्रेट. बायको बाहेर गेली होती. मी दार उघडून क्रेटला हात लावायला गेलो तर त्यांनी मला दंडाला धरून सोफ्यावर बसवलं. "बसा जी, बसा. उठू नका." मग समोरच्या खुर्चीवर बसून, एकेक शब्द सुटा करत, मोठ्याने विचारलं, "आता — कसं — वाटून राह्यलं?"

मला वाटलं, त्यांना ऐकू कमी येत असावं. मीही मोठ्याने म्हटलं, "उत्तम!"

"उत्तमच राहीन," ते म्हणाले. "पोरीनं सांगतलं आमाले, खाली गाडीजवळ. म्हणे, बाबाले इसरल्यासारखं होते, कुठचं काय बोलून देतात, त्यायलेच समजत नाई, इलाज चालू हाये. पोरगी रडत होती जी. मी म्हटलं, बेटा, काहून रडतं? हे सारं मी माह्या घरी पाह्यलं."

मी त्यांच्याकडे नुसता पाहत राहिलो. माझ्या त्या पाहण्यालाही त्यांनी आजारच समजलं असावं, कारण त्यांचा आवाज आणखी मऊ झाला.

"माहा बाप. सारी जिंदगी संत्र्यात गेली त्याची. झाडाखाली उभा राह्यला की वर पाहून सांगे, बगिच्यात किती माल निघते. अन् शेवटी शेवटी संत्र्याले 'ते' म्हणे. 'ते दे मले, ते सोलून दे.' संत्रं हा शब्दच गेला त्याचा. लोकाईसमोर काईबाई बोले. मी चिडत होतो जी त्याच्यावर. चार माणसाईत लाज वाटे मले बापाची. सोयरे आले की मी त्याले मागच्या खोलीत बसवून ठेवो. आता वाटते, त्याच्यासंग बसून रोज एक शब्द काढून घेतला असता, तं तो एवढ्या लवकर गेला नसता."

एवढा धिप्पाड माणूस, रुमाल शोधत होता आणि तो त्याला सापडत नव्हता. मी माझा दिला.

त्या क्षणी खरं सांगून टाकणं सोपं होतं असं कोणाला वाटेल. मला काहीही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे, एवढंच तर म्हणायचं. पण तसं म्हटलं असतं तर माझी मुलगी सासरी जायच्या आधीच खोटारडी ठरली असती. आणि यांच्या मुलाला मी गुलामांच्या व्यापाऱ्याच्या पंगतीला बसवलं ते पूर्ण शुद्धीत बसवलं, असं झालं असतं. आजार हीच आता त्या लग्नाची हमी होती. तरीही मी एकदा चाचपडलो. म्हणालो, "तुम्ही काळजी करू नका हो. मला खरं म्हणजे काही झालेलं नाही."

त्यांनी मान हलवली. "हो जी. माहा बापही असंच म्हणे."

ते गेल्यावर मी क्रेटसमोर बसून राहिलो. बायको आली, तिने माझा चेहरा पाहिला आणि पिशवी खाली ठेवली. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"होतं," ती म्हणाली. "मग काय करायचं होतं तिनं? तुम्ही पोराकडे बोट दाखवलं. त्याच्या आईनं खाली गाडीत बसता बसता म्हटलं, आता पुढचं काही बोलू नका. तिथे उभ्या उभ्या आपल्या पोरीला जे सुचलं ते बोलली."

"म्हणून मी वेडा?"

"वेडे नाही, विसराळू," ती म्हणाली आणि संत्री टोपलीत काढू लागली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "अहो, तुम्ही मुद्दाम बोललात, यापेक्षा तुम्ही आजारी आहात हे त्यांना सोपं गेलं. आम्हालाही."

ते 'आम्हालाही' मला फार लागलं.

संध्याकाळी मुलीशी बोललो. रागावायचं ठरवून बसलो होतो. ती आली, माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "बाबा, सॉरी. पण मी काय करू, सांगा. शाळेच्या गॅदरिंगला माझ्या मैत्रिणींसमोर तुम्ही मुख्याध्यापकांना थांबवून त्यांच्या भाषणातला शब्द दुरुस्त केला. मावसाजींच्या तेरवीला लोक जेवत असताना तुम्ही फ्यूनरलची गोष्ट सांगत होते. मी प्रत्येक वेळी खाली मान घालून बसून राहिली. मला वाटायचं, मोठी झाली की हसू येईल याचं. नाही येत." तिचा आवाज वर गेला नव्हता, हे सगळ्यात वाईट होतं. "मला तो मुलगा पाहिजे, बाबा."

मी म्हटलं, "ठीक आहे." राग कुठे गेला कोण जाणे. रागाच्या जागी जे येऊन बसलं ते मला ओळखता आलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं की ती लाज आहे. इतकी वर्षं ती या दोघींनी माझ्या वतीने वाहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. काटोलहून. मागे क्रेट आदळल्याचा, कोणाला तरी हाका मारल्याचा आवाज. "सर, आजपासून मी तुमाले रोज एक शब्द इचारीन. तुम्ही आठवून सांगायचा. डोकं चालू राह्यते त्यानं. घाई नाई, सावकाश सांगा. सांगा आजचा."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपण होऊन मला शब्द मागत होतं, आणि तेही माझं डोकं फिरलंय असं समजून. फोन ठेवून द्यायला हवा होता. काहीतरी थातुरमातुर, चुकीचं सांगायला हवं होतं, म्हणजे आजारही शाबूत राहिला असता. पण चुकीचा शब्द सांगणं मला जमत नाही. मी यू, एन, जी काढली. डंगरी, जाडाभरडा कपडा, मुंबईच्या डोंगरीवरून गेलेला. बंगलो, आपल्या बंगल्यावरून. जंगल तर सगळ्यांनाच ठाऊक.

"हे सारं आपलंच हाये की जी!" ते ओरडले. "वा, सर! सारं आठवलं तुमाले."

मग रोज फोन येऊ लागला. बायको बाहेर फिरायला जाई त्या वेळी तो येई, आणि मी बाल्कनीत जाऊन घेई. मुलीला मी यातलं काही कळू दिलं नाही. एक दिवस ए, एम, बी, यू, एल निघाली. त्या पंगतीत सगळे चालणारे. अँब्युलन्स, म्हणजे मूळचा चालता दवाखाना. सॉम्नॅम्ब्युलिस्ट, झोपेत चालणारा. फ्युनॅम्ब्युलिस्ट, दोरावरून चालणारा, आपला डोंबारी. सर्कमअँब्युलेट म्हणजे प्रदक्षिणा. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "माहा बाप शेवटी नुसता चालत राहे जी. बगिच्याले चक्कर मारत राहे. आमी म्हणत होतो, पागलपणा हाये. तो काय प्रदक्षिणा घालत होता का, कोण जाणे."

मला त्या फोनची वाट पाहावीशी वाटू लागली. उठल्याबरोबर मी शब्द निवडून ठेवत असे, त्याची मुळं पुन्हा तपासत असे, कुठलं खात्रीचं आणि कुठला नुसता कयास ते वेगळं करत असे. ते प्रश्न विचारत, आणि चांगले विचारत. आणि रोज फोन ठेवताना म्हणत, "सर, फरक पडून राह्यला बरं का. डॉक्टर बदलू नका." तेवढ्या एका वाक्याने माझा सगळा आनंद चोरीचा ठरे. तो माणूस माझ्याकडून शब्द ऐकत नव्हता. आपल्या बापाला वाचवत होता. आणि मी त्या बापाच्या जागेवर मजेत बसून घेत होतो. किती वेळा मनात आलं, आज सांगून टाकू. मग मुलीचं 'मला तो मुलगा पाहिजे' आठवे, आणि मी पुढची अक्षरं काढी.

फेब्रुवारीत साक्षगंध ठरलं. नागपुरातच, एका हॉलमध्ये. आदल्या दिवशी मुलगी माझ्या खोलीत आली, कपाटातून माझा कोट काढून पलंगावर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, उद्या एकही शब्द नको." मी म्हटलं, "नाही काढणार." ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "कोणी विचारला तरी."

काटोलची मंडळी बस करून आली होती. हॉल भरला. मी कोट घालून पहिल्या रांगेत बसलो. त्यांच्याकडचे पाहुणे येऊन माझी चौकशी करत होते, मोठ्या आवाजात, सावकाश. एका बाईंनी माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि मी नीट धरला आहे ना ते पाहून मग आपला हात काढला. मी 'हो' म्हणत होतो, 'बरं' म्हणत होतो. अंगठ्या झाल्या, ओटी भरली, फोटो झाले. मुलगी सुंदर दिसत होती. सगळं बिनबोभाट पार पडलं असं वाटत असतानाच व्याह्यांनी माइक हातात घेतला.

"पाव्हणे मंडळी, एक मिंट," ते म्हणाले. "आमच्या इवायाची तब्येत मधात ठीक नव्हती, तुमाले सर्वायले माहीत हाये. पण मी रोज सकाळी त्यायले फोन करतो, अन् ते मले एक शब्द सांगतात. सारा इतिहास सांगतात त्याचा. एकही दिवस चुकले नाई. लोक म्हणतात, या आजारातून माणूस मांगं येत नाई. मी म्हणतो, येते. तुम्ही सोता ऐका." त्यांनी खाली येऊन माइक माझ्यासमोर धरला. त्यांचा चेहरा असा होता की मला पाहवत नव्हतं. "सर, एक होऊन जाऊ द्या. कोणताही."

माझ्याकडे शब्द होता. नको नको म्हणत असतानाही सकाळी मी तो निवडला होता. पी, ए, एन. लॅटिनमध्ये पानिस म्हणजे भाकरी. एका भाकरीतले दोघं ते कंपॅनियन, सोबती. भाकरी ठेवायची जागा ती पॅन्ट्री. भाकरी वाहायची टोपली ती पॅनियर, आणि आज त्यातून फळं वाहतात. सोयरिकीसाठी, फळांच्या व्यापाऱ्यासाठी आणि त्या दिवसासाठी याहून चांगली पंगत मला जन्मात सापडली नसती. त्याने डिसेंबरातलं सगळं धुऊन निघालं असतं. व्याह्यांची मान त्यांच्या लोकांत वर झाली असती.

मी स्टेजकडे पाहिलं. मुलगी खुर्चीच्या कडेवर पुढे सरकली होती. नव्या अंगठीच्या हाताने तिने खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता, आणि मान हळूहळू खाली जात होती. ती मान मी कधी नीट पाहिलीच नव्हती. गॅदरिंगला, तेरवीला, आमच्या हॉलमध्ये, मी बोलत असताना ती अशीच खाली गेली असणार, आणि मी तेव्हा दुसरीकडे पाहत होतो.

मी माइकमध्ये म्हणालो, "आठवत नाही."

व्याही थोडं वाकून म्हणाले, "आठवा जी, सर. सावकाश." मी पुन्हा म्हणालो, "नाही आठवत." त्यांनी माइक खाली केला. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. माझ्या मागे कोणीतरी चुकचुकलं. स्टेजवर मुलीने मान वर केली, मोठा श्वास सोडला आणि माझ्याकडे पाहून हसली. लहानपणानंतर ती माझ्याकडे पाहून इतकं मनापासून हसलेली मला आठवत नाही. मला त्या हसण्याचा आनंद व्हायला हवा होता. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येणार नाही असं मी धरून चाललो होतो. तो आला, नेहमीच्याच वेळी. मागे क्रेटचा आवाज नव्हता. कुठेतरी बाजूला जाऊन लावला असावा. मी हॅलो म्हटलं. त्या दिवशी त्यांनी मला शब्द विचारला नाही.

"सर," ते म्हणाले, फार हळू, "मी कोण बोलून राह्यलो, ओळखलं का?"

"ओळखलं," मी म्हणालो.

"वा जी, वा," ते म्हणाले. "आजच्याले एवढंच. थकू नका."